बरोबरचे चिन्ह आणि बीजगणिताचा उंबरठा

गणितातील सर्वांत साधे चिन्ह कोणते, असे कोणी विचारले, तर बहुतेक लोक एकीखाली एक काढलेल्या दोन आडव्या रेघांकडे बोट दाखवतील. अधिक, वजा, गुणिले, भागिले या चिन्हांपाशी काही करावे तरी लागते. ‘बरोबर’च्या चिन्हापाशी काय करायचे असते? उत्तर आले की त्याच्याआधी दोन रेघा ओढायच्या, एवढेच त्या चिन्हाचे काम, अशी आपणां सर्वांची समजूत असते. पहिलीच्या वर्गात ते एकदा फळ्यावर येते. त्याचा अर्थ वेगळा सांगावा असे कोणाला वाटत नाही, आणि पुढे कोणी तो विचारतही नाही. आमचे म्हणणे असे की, शालेय गणितातील एक फार मोठा गैरसमज या दोन रेघांच्या आड दडलेला आहे. सातवी-आठवीत ‘बीजगणित डोक्यात शिरत नाही’ म्हणून जी मुले हिरमुसली होतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या अडचणीचे मूळ बीजगणितात नसून पहिली-दुसरीच्या बेरजेच्या वहीत असते.

याची परीक्षा घेणे अगदी सोपे आहे. घरी तिसरी-चौथीत, फार काय सहावीत असलेले मूल असेल, तर एका कागदावर पुढील ओळ लिहून त्याच्यापुढे ठेवावी आणि चौकटीत कोणती संख्या यावी ते विचारावे :

८ + ४ = □ + ५

विचारताना चेहऱ्यावर काही दाखवू नये आणि घाईही करू नये. पुष्कळ मुले क्षणाचाही विलंब न लावता ‘बारा’ म्हणतील. काही जण थोडा विचार करून ‘सतरा’ म्हणतील. ‘सात’ म्हणणारे मूल भेटले, तर त्याच्या शिक्षकांचे अभिनंदन करावे.

अमेरिकेत काही शिक्षक व संशोधकांनी हाच प्रश्न शाळाशाळांतून विचारला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध केले. सहावीच्या १४५ मुलांनी तो सोडवला होता. त्यांपैकी एकाही मुलाने ७ हे उत्तर दिले नाही. सर्वांनी १२ किंवा १७ लिहिले. ही मुले मंदबुद्धीची नव्हती. आठ आणि चार बारा होतात, हे प्रत्येकाला येत होते. बारातून पाच गेले की सात उरतात, हेही येत होते. मग चुकले कोठे?

मुलाला काय दिसते?

चूक बेरजेत नव्हती; वाचनात होती. ज्याने १२ लिहिले त्याने ओळ ‘८ + ४ =’ इथपर्यंतच वाचली. बरोबरचे चिन्ह आले, म्हणजे ‘आता उत्तर लिही’ असा हुकूम आला, असे त्याला वाटले. पुढचे ‘+ ५’ त्याच्या लेखी कोणाचे तरी चुकून राहिलेले होते. ज्याने १७ लिहिले, तो जरा अधिक कष्टाळू. ओळीत जेवढ्या संख्या दिसल्या तेवढ्या सर्वांची त्याने बेरीज केली, कारण दिसतील त्या संख्यांवर क्रिया करायची आणि उत्तर रिकाम्या जागी भरायचे, असे त्याला वाटत होते. दोघांनाही चिन्हाचा अर्थ ‘करा’ असा वाटला. ‘आहे’ असा वाटला नाही. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे जेवढे आहे तेवढेच उजवीकडे आहे, असे ते एक विधान आहे, ही गोष्ट त्यांच्या मनात आलीच नाही.

मुलांचा असा ग्रह होण्यात त्यांचा काही अपराध नाही. पहिलीपासूनच्या वह्या चाळून पाहाव्यात. शेकडो गणिते असतील, पण त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकात डाव्या बाजूला क्रिया आणि उजव्या बाजूला एक रिकामी जागा असते. ३ + २ = किती, ९ − ४ = किती, ६ × ७ = किती! ‘५ = ३ + २’ असे लिहिलेले मुलाला सहसा दिसत नाही, आणि दिसलेच तर ते उलटे लिहिले आहे, असे त्याला वाटते. शेकडो वेळा एकाच दिशेने जाणारी वाट पाहिल्यावर ती दोन्ही दिशांनी जाते, हे कोणाच्या ध्यानी यावे?

त्यात आपल्या भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. ‘बरोबर’ या मराठी शब्दाला तीन अर्थ आहेत. ‘तो माझ्याबरोबर आला’ यात सोबत आहे, ‘तुझे उत्तर बरोबर आहे’ यात अचूकपणा आहे आणि ‘दोघांची उंची बरोबर आहे’ यात समानता आहे. गणिताच्या चिन्हाला हवा आहे तो तिसरा अर्थ. पण वर्गात मुलाच्या कानावर सर्वांत जास्त पडतो तो दुसरा, कारण गुरुजी वहीवर लाल शाईने खूण करतात ती ‘बरोबर’चीच असते. तेव्हा ‘आठ अधिक चार बरोबर’ असे म्हटले की, पुढे अचूक उत्तर यायचे, असे त्याला वाटावे यात नवल नाही. वस्तुतः हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. फारसीत ‘बर’ म्हणजे छाती. तेव्हा बराबर म्हणजे छातीला छाती भिडवून उभे राहिलेले. दोन पैलवान समोरासमोर ठाकले आहेत, कोणी कोणाला रेटू शकत नाही, असे चित्र या शब्दाच्या पोटात आहे. मुलापर्यंत ते चित्र पोचले असते तर पुष्कळ काम झाले असते.

कॅल्क्युलेटरने या समजुतीवर शिक्काच मारला. त्यावर दोन रेघांची कळ असते; ती दाबली की उत्तर उमटते. तेथे ते चिन्ह खरोखरच हुकूम आहे. आणि मोठी माणसेही त्याला हातभार लावतात. समजा, टोपलीत ५ आंबे होते, त्यात ३ घातले, मग आंबे दुप्पट झाले आणि त्यांतले ६ वाटून टाकले. हिशेब फळ्यावर किंवा वाण्याच्या यादीच्या पाठीमागे असा मांडला जातो :

५ + ३ = ८ × २ = १६ − ६ = १०

उत्तर ठीक आहे. परंतु ही ओळ जशी लिहिली आहे तशी वाचली, तर आठ म्हणजे सोळा आणि सोळा म्हणजे दहा, असे ती सांगते. येथे दोन रेघांचा अर्थ ‘आणि मग’ एवढाच उरला आहे. रोजच्या हिशेबात हे खपून जाते. बीजगणितात खपत नाही.

नाव नसलेली संख्या

का खपत नाही, ते पाहू. सातवीतल्या मुलापुढे ‘क्ष + ७ = २०’ असे समीकरण ठेवले, तर हुकमाच्या समजुतीनेही ते कसेबसे सुटते. कोणत्या संख्येत सात मिळवले की वीस होतात, एवढे अंदाजाने सांगता येते. परंतु ‘५क्ष + ३ = २क्ष + १५’ असे समीकरण आले की तो जागच्या जागी थांबतो. डावीकडे उत्तर नाही, उजवीकडेही उत्तर नाही. मग हुकूम आहे तरी कसला? नुसते ‘क्ष + ७’ दिले आणि सोपे रूप द्या म्हटले, तर पुष्कळ मुले ‘७क्ष’ लिहून मोकळी होतात, कारण अधिकचे चिन्ह शिल्लक राहिले म्हणजे गणित अपुरे राहिले, अशी त्यांना इतक्या वर्षांची शिकवण असते. शिक्षक म्हणतात मूल निष्काळजी आहे. ते निष्काळजी नसते. जुन्या नियमाने फार काळजीपूर्वक चाललेले असते.

या चिन्हाचा जन्म कसा झाला, हे पाहिले म्हणजे त्याचा खरा अर्थ स्पष्ट होतो. रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधील वैद्याने १५५७ साली बीजगणितावर इंग्रजीत एक पुस्तक छापले. त्याच्या नावाचा अर्थ ‘बुद्धीला धार लावण्याचा दगड’ असा होतो. ‘याच्या बरोबर आहे’ हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला, म्हणून त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा योजल्या. कारण त्याने असे दिले की, याहून अधिक समान अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत. म्हणजे चिन्ह काढणाऱ्याच्या मनात उत्तर नव्हते, जोडी होती. हे चिन्ह लगेच रूढ झाले असेही नाही. देकार्तसारख्या थोर गणितज्ञाने १६३७ साली आपल्या ग्रंथात वेगळेच चिन्ह वापरले होते.

पण चिन्ह नव्हते तेव्हा समीकरणे नव्हती काय? होती, आणि आपल्याकडे ती फार पुढारलेली होती. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांचे नियम आहेत आणि समीकरणे सोडवण्याच्या रीती आहेत. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ पुरा केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात त्यांच्या घराण्याची हकीगत आहे, आणि नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरांच्या कथेतले चांगदेव ते वेगळे. तात्पर्य, समीकरण हा विषय महाराष्ट्राच्या मातीला परका नाही.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तील एक उदाहरण आमच्या प्रस्तुत विषयाला फार उपयोगी आहे. ते आमच्या शब्दांत असे : एका गृहस्थाजवळ तीनशे रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर शंभर रुपयांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे. तर एका घोड्याची किंमत काय?

यात ‘किती होतात?’ असा प्रश्न कोठेच नाही. दोन माणसे दोन बाजूंना उभी आहेत. एकाजवळ रोकड आहे, दुसऱ्यावर कर्ज आहे. एकाचा तबेला लहान, दुसऱ्याचा मोठा. पाहिले तर दोघांत काहीच सारखे नाही, आणि तरी ते बरोबरीचे आहेत. समानता म्हणजे काय, हे समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण आम्हांला तरी माहीत नाही. बरोबर असणे म्हणजे सारखे दिसणे नव्हे. मोल सारखे असणे.

आपले जुने गणिती समीकरणाच्या दोन बाजूंना ‘पक्ष’ म्हणत आणि दोन्ही पक्ष एकाखाली एक मांडत. न कळलेल्या राशीला ‘यावत्तावत्’ असे नाव होते, त्याचे संक्षिप्त रूप ‘या’. ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणत, त्याचे संक्षिप्त रूप ‘रू’. आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. वरचे उदाहरण त्या पद्धतीने मांडायचे तर पहिल्या ओळीत ‘या ६ रू ३००’ आणि तिच्याखाली ‘या १० रू १००’, त्यातील शंभरावर टिंब. दोन ओळी, दोन पक्ष. मध्ये चिन्हाची गरजच नाही. एकाखाली एक मांडले, याचाच अर्थ ते सम आहेत.

आता सोडवणूक पाहा. दोघांच्याही तबेल्यांतून सहा-सहा घोडे बाहेर काढा. संपत्ती दोघांची सारखीच घटली, म्हणून बरोबरी कायम. पहिल्याजवळ उरले तीनशे रुपये. दुसऱ्याजवळ चार घोडे आणि शंभराचे कर्ज. आता दोघांनाही शंभर-शंभर रुपये द्या. पहिल्याचे चारशे झाले; दुसऱ्याचे कर्ज फिटले आणि त्याच्याजवळ निव्वळ चार घोडे राहिले. चार घोडे म्हणजे चारशे रुपये, तर एक घोडा शंभराचा. ताळा पाहा : पहिल्याचे सहाशे आणि तीनशे मिळून नऊशे, दुसऱ्याचे हजारातून शंभर गेले, नऊशेच.

या दोन कृतींना बगदादच्या अल्-ख्वारिज्मी याने इ. स. ८२० च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात नावे आहेत. दोन्ही बाजूंची सारखी रक्कम उडवणे ती ‘मुकाबला’, आणि उणी असलेली रक्कम भरून काढणे ती ‘अल्-जब्र’. यातल्या दुसऱ्या शब्दावरूनच बीजगणिताला युरोपात ‘अल्जिब्रा’ हे नाव पडले. ‘जब्र’ या शब्दाचा एक अर्थ मोडलेले हाड सांधणे असा आहे. अल्जिब्रा म्हणजे एका अर्थी हाडवैद्यकी!

तराजू, पासंग आणि पक्षांतर

बीजगणित शिकवताना शिक्षक तराजूचे उदाहरण देतात. ते योग्यच आहे. दोन्ही पारड्यांत सारखे घातले किंवा दोन्हींतून सारखे काढले, तर दांडी आडवीच राहते, हे मुलाला डोळ्यांनी दिसते. परंतु एक अडचण आता नव्याने आली आहे. वाण्याच्या दुकानात पारड्यांचा तराजू दिसेनासा झाला; त्या जागी विजेचा काटा आला. त्यावर वस्तू ठेवली की आकडा उमटतो. म्हणजे तोही कॅल्क्युलेटरसारखा उत्तर देणारा झाला. दोन बाजू राहिल्याच नाहीत. ज्या मुलाने दांडी डावीकडे-उजवीकडे झुकताना पाहिलीच नाही, त्याला तराजूचे चित्र काढून काय कळणार? भाजीबाजारात अजून कोठे कोठे हाती तराजू असतो. तो मुलांना मुद्दाम नेऊन दाखवावा. नाहीच मिळाला, तर एक फूटपट्टी, दोरा आणि कागदाचे दोन पेले यांवर काम भागते.

असा घरगुती तराजू केला की प्रथम तो कलतोच. मग हलक्या बाजूला काही तरी अडकवून दांडी सरळ करावी लागते. यालाच व्यापारी ‘पासंग’ म्हणतात. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण सहज बोलतो, पण पासंग पाहिलेली मुले आज थोडी. वजन करण्याआधी रिकामी पारडी बरोबर आहेत ना, हे पाहायचे. म्हणजे बरोबरी हे तोलाचे फळ नसून तोलाची अट आहे. मुलाच्या हाताला हे एकदा कळले की वहीत समजावणे सोपे जाते.

तराजूलाही मर्यादा आहेत. पारड्यात कर्ज ठेवता येत नाही. उणे पाच किलो गूळ कोणी तोलून दाखवणार नाही. म्हणून तराजूने सुरुवात करावी आणि पुढे भास्कराचार्यांच्या दोन गृहस्थांकडे यावे, कारण संपत्ती आणि कर्ज दोन्ही मुलाला घरात ऐकून ठाऊक असतात.

येथे एका सवयीविषयी बोलले पाहिजे. वर्गात पुष्कळदा असे शिकवले जाते की, पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले की त्याचे चिन्ह बदलते; अधिकचे वजा होते, गुणिलेचे भागिले. दोन बाजूंना पक्ष म्हणायचे, तर हे पक्षांतरच झाले. आणि पक्षांतर करणाऱ्याचे चिन्ह बदलते, हे आपल्या लोकांना गणिताबाहेरही चांगले परिचित आहे! युक्ती म्हणून ती वाईट नाही, वेळ वाचतो. पण कारण न सांगता ती आधी शिकवली, तर मुलाला ती जादू वाटते. पद उडी मारून पलीकडे जात नाही. ‘क्ष + ७ = २०’ यात दोन्ही बाजूंतून सात काढले; डावीकडचे सात संपले आणि उजवीकडे वीस वजा सात झाले. पाहणाऱ्याला सात पलीकडे गेल्यासारखे दिसतात, इतकेच. कारण ज्याला कळले त्याला नियम पाठ करावा लागत नाही. नुसता नियम पाठ असलेल्याला समीकरण जरा वाकडे आले की तो कोठे लावायचा ते सुचत नाही.

अक्षर हे वस्तूचे नाव नव्हे

बरोबरच्या चिन्हाखालोखाल मुलाला अडवते ते अक्षर. मुलाची सोय म्हणून काही ठिकाणी ‘आं म्हणजे आंबे, के म्हणजे केळी, ३आं + २के’ असे शिकवतात. यात घोटाळा असा की, अक्षर वस्तूचे नाव होऊन बसते. आंबे म्हणजे संख्या नव्हे. आंब्यांची संख्या किंवा एका आंब्याची किंमत, ही संख्या. घोड्यांच्या उदाहरणात ‘या’ म्हणजे घोडा नव्हे. एका घोड्याची किंमत. आपल्या पूर्वजांनी निवडलेला शब्द येथे फार नेमका आहे. ‘यावत्तावत्’ म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. त्या नावातच ती एक राशी आहे, अजून कळलेली नाही एवढेच, हे सांगितले आहे.

हा घोटाळा लहानांपुरताच आहे असे समजू नये. अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक साधे विधान समीकरणात मांडण्यास सांगितले होते : विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या संख्येच्या सहा पट आहे. १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत शंभरांपैकी सुमारे ३७ जणांची मांडणी चुकली, आणि बहुतेकांची चूक एकच होती. विद्यार्थ्यांसाठी ‘व’ आणि प्राध्यापकांसाठी ‘प’ घेतला, तर त्यांनी ‘६व = प’ असे लिहिले. सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक, असे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होते, आणि अक्षरे त्या चित्राची नावे झाली होती. खरी मांडणी ‘व = ६प’; प्राध्यापकांची संख्या सहा पट केली, तेव्हा कोठे ती विद्यार्थ्यांच्या संख्येशी बरोबरी करते. येथेही मूळ दोष तोच : दोन्ही बाजूंना संख्या आहेत आणि त्या समान असल्या पाहिजेत, हा प्रश्न मनाला विचारला गेला नाही.

मग करावे काय?

यासाठी नवा विषय किंवा वेगळा तास नको. बेरीज-वजाबाकी चालू असतानाच थोडे निराळे लिहावे आणि निराळे विचारावे. पहिली-दुसरीच्या मुलापुढे काही ओळी ठेवून प्रत्येक ओळ खरी की खोटी, एवढेच विचारावे :

७ = ७
९ = ५ + ४
६ + ३ = ३ + ६
३ + ५ = ४ + ४
८ + २ = १० + ३

पहिली ओळ पाहून मुले गोंधळतात, कारण तिथे करण्यासारखे काहीच नसते. तोच तिचा उपयोग. शेवटची ओळ काही जण खरी म्हणतील. आठ आणि दोन दहा होतात आणि दहा लगेच पुढे लिहिलेलेच आहेत! अशा वेळी ‘चूक’ म्हणून खोडून टाकू नये. ‘डावीकडे किती आहेत? उजवीकडे किती आहेत?’ असे विचारावे आणि आपसांत वाद घालू द्यावा. वर्गात दोन मुलांचा ‘खरे’ आणि ‘खोटे’ असा वाद रंगला, तर त्या दिवशी चिन्हाचा अर्थ मुलांनी स्वतः शोधला असे समजावे. ओळ वाचतानाही ‘तीन अधिक पाच बरोबर’ इथे न थांबता ‘तीन अधिक पाच हे चार अधिक चारच्या बरोबरीचे आहे’ असे पुरते वाक्य म्हणावे.

तिसरी-चौथीत याच्या पुढची पायरी घ्यावी. ‘३७ + ५८ = ३८ + □’ असे द्यावे आणि बेरीज न करता उत्तर सांगण्यास म्हणावे. पहिली संख्या एकाने वाढली, तेव्हा दुसरी एकाने कमी; म्हणून ५७. हे ज्याला दिसले तो आकडे मोजण्याकडून संबंध पाहण्याकडे वळला, आणि संबंध पाहणे म्हणजेच बीजगणित. बाजारात ९९ आणि ४६ ची बेरीज करताना दुकानदार मनातल्या मनात १०० आणि ४५ करतो; तो समीकरणच वापरत असतो, फक्त त्याला ते नाव ठाऊक नसते.

यावर काही पालक म्हणतील की, आधी पाढे तर पाठ होऊ द्या. पाढे पाठ झालेच पाहिजेत, याविषयी आमचा मतभेद नाही. परंतु या दोन गोष्टी परस्परांच्या वैरी नाहीत. सात आठे किती हे ऐन वेळी विसरलेल्या मुलाला ‘७ × ८ = ७ × ७ + ७’ हे ठाऊक असेल, तर तो एकोणपन्नासात सात मिळवून छप्पन्नावर पोचतो. ‘१२ × ५ = ६ × १०’ हे दिसलेल्या मुलाला साठ हे उत्तर फुकट मिळते. बरोबरीची समज पाठांतराला आधार देते.

दुसरा आक्षेप असा की, हे सगळे लहान मुलांना झेपणार नाही. त्याला अनुभवाने उत्तर दिलेले आहे. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियात दाविदोव व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या मुलांना संख्यांच्याही आधी राशींची तुलना शिकवली. दोन पट्ट्यांची लांबी, दोन भांड्यांतले पाणी यांत कमी काय, जास्त काय, आणि बरोबर होण्यासाठी कोठे किती घालावे लागेल, हे मुले अक्षरांनी लिहीत असत. सहावीच्या चिनी आणि अमेरिकी मुलांची एक तुलना २००८ साली प्रसिद्ध झाली. चौकटीच्या गणितांत चिनी मुले जवळजवळ सर्व यशस्वी झाली. अमेरिकी मुलांपैकी निम्म्यांनाही ते साधले नाही. चिनी पाठ्यपुस्तकांत ‘लहान’, ‘मोठे’ आणि ‘बरोबर’ ही चिन्हे तुलनेसाठी एकत्र शिकवलेली होती. म्हणजे दोष वयाचा नव्हता, शिकवण्याच्या क्रमाचा होता. महाराष्ट्रातही अलीकडच्या काळात पाचवीच्या पाठ्यपुस्तकात बीजगणिताच्या पूर्वतयारीचे प्रकरण आले आणि त्यात समानतेची ओळख करून दिली, ही चांगली गोष्ट झाली. मात्र पाचवीपर्यंत चार वर्षांची सवय अंगात मुरलेली असते. ती मुरण्याआधीच पाणी दुसऱ्या वाटेला लावणे अधिक सोपे.

आपल्या समाजात ‘गणितात कच्चा’ हा शिक्का फार लवकर बसतो आणि फार काळ टिकतो. तो बसला की मूल गणिताचा तास चुकवू लागते, पुढे गणित लागणाऱ्या सर्व वाटा सोडून देते, आणि घरचेही ‘त्याला ते जमणार नाही’ असे मानून चालतात. मुलींच्या बाबतीत तर हा निकाल आणखी घाईने लागतो. यातील पुष्कळ मुलांच्या बुद्धीत काहीच उणे नव्हते. त्यांना एका चिन्हाचा अर्थ सांगायचा राहून गेला होता, आणि तो राहिला आहे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. एवढ्या लहान कारणासाठी एवढी मोठी किंमत मुलांनी का द्यावी?

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना आमची विनंती एवढीच. मुलाने चौकटीत बारा लिहिले, तर त्याच्यावर रागावू नये. त्याला जे शिकवले गेले तेच त्याने केले आहे. डाव्या बाजूच्या खाली बारा लिहावे, उजवी बाजू बोटाने दाखवावी आणि विचारावे, ‘इकडे बारा आहेत. तिकडे बारा होण्यासाठी पाचांच्या जोडीला कोण हवे?’ मूल सात म्हणेल. त्या क्षणी त्याने पहिले समीकरण सोडवलेले असते.